बाद मालाची जागा

६ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहून सुरुवात करायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात क्षेम नाही. फोनवर बोलायला गेलं की आपल्या घरात चार कान लागतात, आणि मला गोष्ट क्रमाने सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून पत्र.

गेल्या मंगळवारी पंपवाले साहेब स्वतः कारखान्यात आले. सोबत आपलेच पितळी व्हॉल्व्ह आणले होते. बादली मागवली, एक व्हॉल्व्ह पाण्यात धरला, आत हवा भरली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. अंगावरच्या बारीक छिद्रांतून बुडबुडे निघत होते, आत मासा कोंडल्यासारखे. साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. पुढचा लॉट जुलैअखेर हवा आहे, तो गळका निघाला तर मी दुसरी भट्टी बघीन, म्हणाले. कुणीतरी जाणकार आणून दाखवा, असंही म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

त्यांचं काम गेलं तर भट्टी पेटवण्यात अर्थ उरत नाही. बाबा आत्ताच म्हणायला लागलेत की शेड गोदामाला देऊन टाकू. मग मी काय करायचं? शाळा शेवटच्या वर्षाच्या आधी सोडली ती या भट्टीच्या भरवशावर. मला दुसरं काही येत नाही. शुद्ध लिहिता येतं, पण त्याचा पगार कुणी देत नाही.

साहेब गेल्यावर बाबा मला म्हणाले की काकाला सांग, साच्यात वाळू भरतोस की भुसा. मी पुढच्या शेडमध्ये जाऊन काकांना सांगितलं की बाबा वाळूबद्दल विचारत होते. काका म्हणाले, त्या राजेसाहेबांना सांग की पितळाचा रस वेळेवर ओतला तर वाळूला दोष द्यावा लागणार नाही. मी मागच्या शेडमध्ये येऊन सांगितलं, काका म्हणतात बघूया. तुझ्या लग्नाआधीपासून हे चाललंय, तुला नवीन नाही. दोघांच्या शेडमध्ये एक दार आहे आणि त्या दारात मी आहे.

मी लघुउद्योगांच्या संघाकडे अर्ज केलाय. ते छोट्या कारखान्यांना सल्लागार पाठवतात. अर्जाचा मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला, एकही खाडाखोड नाही. मोठमोठे कारखाने पाहिलेलं कुणीतरी येईल, बघेल आणि चूक काय ते सांगेल. मग मी ते नीट लिहून भिंतीवर लावीन.

दाजींना नमस्कार. तुझी माया पूर्वीइतकीच आहे असं गृहीत धरून थांबतो.

तुझा,
टिंब

\*

१३ जून

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. दाजींनीही वाचलं आणि विचारलं की हा मुलगा काळजीसुद्धा समास सोडून करतो का. लहानपणी माझ्या गृहपाठात राहिलेली टिंबं देत बसायचास, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

बाबा आणि काका अजून तसेच, हे वाचून हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. आजोबा जाऊन किती वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीत कुणी बसायचं यावरून दोघं भांडले, आणि अजून दोघंही स्टुलावर बसतात. खुर्ची मजेत आहे. आई आणि काकू मात्र एकाच नळावर तासभर बोलतात, त्यांना कुणी टिंब लागत नाही.

सल्लागाराचं मला काही कळत नाही. पण तू अशी आशा लावून बसलायस की येणारा माणूस दारातूनच औषधाची बाटली काढेल. तसं कुणी नसतं रे. आमच्याकडे दाजींच्या दुकानात एक आला होता, त्याने आधी आम्हालाच बोलतं केलं. दाजी दोन दिवस चिडले होते, नंतर दुकानाची मांडणी बदलली आणि ती आपलीच कल्पना म्हणून सांगत फिरतात.

आपलं पितळ माझ्या घरी अजून आहे बरं का. दाराला अडसर म्हणून जो जड ठोकळा ठेवलाय तो आपल्याच भट्टीतला व्हॉल्व्ह. सासूबाईंच्या पायाला रोज लागतो आणि रोज माझ्या माहेरचा उद्धार होतो.

जेवत जा. पत्रात राग आला तरी चालेल, पोट रिकामं नको.

तुझी,
ताई

\*

२० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सल्लागार आल्या. बाई आहेत, आईच्या वयाच्या. येताच ऑफिसात गेल्या आणि सरळ आजोबांच्या खुर्चीत बसल्या.

ताई, बाबा भट्टीकडून आले आणि काका साच्यांकडून, आणि दोघं दारातच थिजले. मग दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना बसवलंय. इतक्या वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. मी बाईंना हळूच स्टूल दिलं. त्यांनी विचारलं, खुर्ची मोडकी आहे का. मी म्हणालो, नाही. मग का, म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं "का" थांबलेलं नाही. कामगारांनी संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव "का-बाई" ठेवलं. वाळू इथेच का चाळता? व्हॉल्व्हच्या आतली पोकळी धरणारा वाळूचा कोअर सकाळी का भाजता? हे कुणी ठरवलं? मी वही-पेन घेऊन मागे मागे होतो, की त्या काही सांगतील ते टिपून घेऊ. दिवस संपला तरी वही कोरी. उलट त्यांचीच वही भरली, आणि तीही आपल्याच माणसांच्या बोलण्याने! बाबा म्हणाले, उंटावरची शहाणी आहे, उंट मात्र आपला. या एका बाबतीत मला बाबांचं पटलं. मला वाटलं होतं ज्ञान बाहेरून येणार. या तर आपल्याकडूनच मागायला आल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, गळके व्हॉल्व्ह दाखवा. ते कुठून दाखवणार? तुला आजोबांचा नियम ठाऊक आहे. बाद माल छपराखाली रात्र काढणार नाही. संध्याकाळी तपासणी झाली की गळका निघेल तो परत भट्टीत. पंपवाल्या साहेबांनी आणलेलेही बाबांनी त्याच दिवशी वितळवले. मी हे अभिमानाने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की मग आजवर जे बिघडलं ते कशाने बिघडलं, हे तुम्हाला कळणार कसं. रोज चूक करता आणि रोज पुरावा वितळवता, म्हणाल्या.

त्यांचं सांगणं एवढंच: बाद माल वितळवायचा नाही. एक फळी ठोका, तिच्यावर ठेवा, आणि कधी ओतला ते खडूने लिहा. बाबा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही बाई आपली लाज फळीवर मांडायला सांगते आणि त्यासाठी संघ तिला पाठवतो. काकांनी माझ्यातर्फे निरोप दिला की फळी ठोकायची तर भट्टीच्या बाजूला ठोका, दोष तिकडचा आहे. मी तो निरोप पोचवला नाही.

त्या आणखी दोनदा येणार आहेत. मला झोप लागत नाही. तू म्हणतेस तसं जेवतो मात्र.

तुझ्या आशीर्वादाची गरज नेहमीपेक्षा जास्त असलेला,
टिंब

\*

४ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांनी फळी ठोकू दिली नाही, म्हणून मी गळके व्हॉल्व्ह वाळूच्या रिकाम्या पोत्यांखाली ठेवत होतो. प्रत्येकावर खडूने तारीख आणि सकाळ की दुपार, ते लिहिलं होतं. अक्षर चांगलं आलं होतं. परवा काकांना पोती हवी होती. त्यांनी पोतं उचललं आणि खालचा ढीग बघून हसत सुटले. कामगारांना म्हणाले, या, राजेसाहेबांचा खजिना बघा. ते हसणं भट्टीपर्यंत पोचलं. बाबा आले, सगळे व्हॉल्व्ह घमेल्यात भरले आणि भट्टीत टाकले. माझं अक्षरही गेलं.

मी पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणालो की साहेब काम काढून घेतील तेव्हा झाकायला मूठसुद्धा उरणार नाही. बाबा म्हणाले, बाद माल घरात ठेवतो त्याचं घर बाद होतं, हे तुझ्या आजोबांचं वाक्य आहे, तुझ्या का-बाईचं नाही. आई मध्ये पडली म्हणून थांबलं. तेव्हापासून बाबा मलाही निरोपच पाठवतात, आईतर्फे. म्हणजे आता निरोप्यालाही निरोप्या लागला.

काल बाई दुसऱ्यांदा आल्या. दाखवायला काही नव्हतं. मला वाटलं त्या चिडतील आणि मग तरी उत्तर सांगतील. त्या दिवसभर दोन शेडच्या मधल्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि मी येता-जाता माझ्याकडे बघत राहिल्या. एकदा विचारलं की काका नक्की काय म्हणाले. मी सांगितलं, साचे बंद करून झाले, त्या सिंहासनावरच्याला सांग, जमलं तर उठ. आणि तुम्ही बाबांना काय सांगितलंत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो की साचे तयार आहेत, तुमच्या सवडीने ओता. त्यांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं लिहून घेण्यासारखं काय होतं? मी इथे बुडत चाललोय आणि या काठावर बसून पाण्याचा रंग विचारतायत.

शेवटची भेट पंधरवड्याने. तोवर एखादा गळका व्हॉल्व्ह दाखवायला मिळावा, म्हणाल्या, जुना असला तरी चालेल. जुना कुठून आणू? आपल्याकडे जुनं काही उरतच नाही, भांडणाशिवाय.

पत्र रागात लिहिलंय. माझ्यावर रागावू नकोस, बाकीचे पुरेसे आहेत.

तुझा,
टिंब

\*

९ जुलै

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. अरे शहाण्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या दारातला अडसर काय म्हणून आहे? तो गळकाच आहे. सोबत पाठवतेय. दाजींच्या दुकानाचा टेम्पो तिकडे येतोय, त्यात पोत्यात बांधून ठेवलाय. सासूबाईंनी त्याला निरोप देताना जेवढा आनंद दाखवला तेवढा माझ्या स्वागतालाही नव्हता.

आता तो माझ्याकडे कसा आला ते सांगते, म्हणजे तुझ्या का-बाई विचारतील तेव्हा तुझी तारांबळ नको. खुर्चीवरून भांडण झालं त्या दिवशी मी डबा घेऊन कारखान्यात आले होते. सकाळीच जुंपली होती. दुपारी दोघंही कामाला लागले, पण तोंड फिरवून. संध्याकाळी तपासणीत बरेच व्हॉल्व्ह गळके निघाले. ते भट्टीत टाकायचं भान कुणाला नव्हतं, ढीग तसाच पडला. मी त्यातला एक उचलला. का, ते मलाही ठाऊक नाही. बहुतेक घरातलं काहीतरी आपल्या हातात राहावं असं वाटलं. पुढे लग्नात ट्रंकेच्या तळाशी घातला. हमालाने ट्रंक उचलताना विचारलं होतं की आत दगड भरलेत का.

आणखी एक आठवतं. त्याच्या आधी कारखाना म्हणजे नुसता आरडाओरडा. बाबा भट्टीपासून ओरडायचे, "आला!" म्हणजे रस आला. मग काका कोअर बसवायचे, साचा मिटायचे आणि उलट ओरडायचे, "आण!" मी शाळेतून येताना कोपऱ्यावर आवाज ऐकला की समजायची, ओतकाम चाललंय. त्या दिवशी डबा ठेवला तेव्हा पितळ ओतत होते आणि इतकी शांतता होती की मला भीती वाटली. तू तेव्हा एवढासा होतास. संध्याकाळी तुला हाताला धरून बाबांनी पहिला निरोप दिला. तू दारातून धावत गेलास आणि धावत आलास. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, मीसुद्धा.

अडसर परत पाठव. दार आपटतंय.

तुझी,
ताई

\*

१८ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्याआधी पोचलं तर वाच, नाहीतर मी समोर बसूनच वाचून दाखवीन. कारण मला कारखान्यातून काढलं आहे.

क्रमाने सांगतो. तुझा अडसर आला. बाईंनी तो करवतीने मधून चिरायला लावला. चिरत असताना काका एका बाजूला येऊन उभे राहिले आणि बाबा दुसऱ्या बाजूला, दोघंही सहज आल्यासारखे. आत बघितलं तर कोअरच्या कडेने बारीक पोकळ्या, पाव कापावा तशा. बाई म्हणाल्या, ही वाफेची छिद्रं. भाजका कोअर ओल्या वाळूच्या साच्यात मिटून ठेवला की ओल ओढतो. लगेच रस ओतला तर काही होत नाही. ओतायला उशीर झाला तर त्या ओलीची वाफ पितळात शिरते. म्हणजे वाळू चांगली, रस चांगला, वाईट आहे ती मधली वेळ. बाबा म्हणाले, हे मला माहीत आहे. त्याच क्षणी काका म्हणाले, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाईंनी विचारलं, मग का. दोघांनी एकमेकांच्या शेडकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी विचारलं की हा व्हॉल्व्ह कधीचा. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, अडसरापासून कौतुकापर्यंत. बाबा भट्टीकडे निघून गेले. काका चिरलेला तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवत होते.

मला वाटलं आता बाई म्हणतील, घड्याळ लावा, घंटी लावा, मी ते नीट लिहून भिंतीवर लावीन. त्यांनी त्यांची वही उघडली आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं, "तुमच्या सवडीने ओता". हे काका म्हणाले होते का, विचारलं. मी म्हणालो, नाही, पण तसाच्या तसा निरोप दिला असता तर भांडण झालं असतं. त्या म्हणाल्या, झालं असतं, पण साचे तयार आहेत हेही कळलं असतं. तुम्ही शिवी काढून टाकता आणि तिच्याबरोबर घाईही काढून टाकता. ज्या दिवशी बाबांना खरोखर सवड असते त्या दिवशी माल चांगला निघतो, नसते त्या दिवशी गळतो, आणि तुम्हाला सगळ्यांना वाटतं की नशीब. तुमच्या कारखान्याला जे माहीत आहे ते दोन शेडमध्ये अर्धं-अर्धं आहे आणि मधल्या दारात गाळणी बसवलीय.

त्यांनी लिहून दिलेला सल्ला एका ओळीचा आहे. पंपवाल्यांचा लॉट ओतायचा त्या दिवशी निरोप्याने कारखान्यात येऊ नये.

ताई, अर्ज मी केला! त्यांच्या मागे वही घेऊन मी फिरलो! पोत्यांखाली माल मी लपवला, शिव्या मी खाल्ल्या, दोघांच्या मध्ये इतकी वर्षं मी उभा राहिलो, आणि सगळ्या कारखान्यातून बाद ठरला तो मी. मी बाईंना म्हणालो की हे अन्यायाचं आहे. त्या म्हणाल्या, आहे. आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो नको होता.

बाबा सल्ल्याला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आईने माझी पिशवी भरून ठेवलीय. उद्या निघतो. परवा ओतकाम आहे. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत तर साचे मिटलेले राहतील आणि रस कढईत, आणि मी तुझ्या घरी तुझ्या सासूबाईंसमोर चहा पीत असेन.

अडसराचे दोन अर्धे आणतोय. दोन दारांना होतील.

तुझा,
टिंब

\*

२६ जुलै

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची मला सवय नाही. तुझी आई फोन कर म्हणाली, पण फोनवर तू प्रश्न विचारत बसशील, म्हणून लिहितो. चुका सुधारू नकोस.

ओतकामाच्या दिवशी रस झाला तेव्हा मी दाराकडे बघितलं. तू नव्हतास. मी चिमट्याने कढईवर ठोकलं. पुढून तुझा काका कामगाराला म्हणाला की मी बैल नाही घुंगरू वाजवून बोलवायला, आणि ते मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाला. रस निवत चालला होता. मग ओरडावं लागलं. आवाज फुटेना, इतक्या वर्षांत "आला" ओरडलो नव्हतो. दुसऱ्यांदा फुटला. पलीकडून उत्तर आलं. ओतलं.

साहेबांच्या माणसाने काल इथेच बसून प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्यात धरला. माल घेऊन गेला. पुढचंही काम सांगून गेला. दोन मात्र गळके निघाले, ते आपल्याकडे ठेवले. तुझी बाई भेटी संपल्या तरी येऊन बघून गेली. पुन्हा का विचारलं. या खेपेला उत्तर आम्ही दिलं.

खालचं तुझ्या काकाचं आहे. मी लिहितोय आणि हा खांद्यावरून वाचतोय.

तुझे,
बाबा

*चि. टिंबास आशीर्वाद. वर जे लिहिलंय त्यात बैलाचं खरं आहे, बाकी फुगवलंय. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा आवाज फुटला, आणि तोही बोकडासारखा. मी उत्तर दिलं ते पितळाची दया येऊन. त्यानंतर दिवसभर आमची जी जुंपली ती रस्त्यापर्यंत ऐकू जात होती. तुझी आई आणि काकू नळ सोडून बघायला आल्या. पण साचा एकही थांबला नाही.*

*फळी अजून ठोकलेली नाही. कुठे ठोकायची यावर एकमत नाही. तोवर दोन्ही गळके व्हॉल्व्ह आजोबांच्या खुर्चीत ठेवलेत, ती रिकामीच होती. वितळवायचे नाहीत असं तुझे बाबा स्वतः म्हणाले, मला साक्षीदार आहेत. खडूने लिहायचं राहिलंय. आमची अक्षरं तुला पसंत पडणार नाहीत. एक त्यांच्यामुळे गळला, एक माझ्यामुळे, एवढं मान्य आहे. कुठला कुणाचा, ते तू येऊन बघ.*

*ताईला सांग, कोपऱ्यावर आता पुन्हा ऐकू येतं. आणि तू ये. सवडीने नको.*

*काका*